स्निगर : दाबून ठेवलेलं हसू



वर्गात कुणाची तरी फजिती होते...
मागच्या बाकावरचा मुलगा तोंडावर हात दाबतो...
तरी नाकातून 'फिस्स' आवाज सुटतोच.

या दाबलेल्या हसण्याला इंग्रजीत म्हणतात... स्निगर.
अमेरिकेत बहुतेक जण 'स्निकर' म्हणतात.

हा शब्द आला कुठून?
थेट आवाजातून!
तीनशे वर्षांपूर्वी इंग्रजी माणसाच्या कानाला हसू जसं ऐकू आलं...
तसाच शब्द घडला.
आपलं 'फिदीफिदी', 'खुदुखुदु' असंच घडलं.

घोड्याच्या हलक्या खिंकाळण्यालाही 'स्निकर' म्हणतात.

मात्र 'स्निगर' हा शब्द जपून वापरा.
यात आनंद कमी... कुचेष्टा जास्त.

तेव्हा लक्षात ठेवा...
स्निगर म्हणजे दुसऱ्याला हसताना दाबलेलं हसू.

आपण मात्र कुणाला हसू नये...
सगळ्यांबरोबर मोकळेपणानं हसावं.