चाकांवरचें घर आणि त्याचा धनी

मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावयाचें घर ही वस्तु आपल्याकडे अजून विरळाच आहे. अमेरिकेंत मात्र ती इतकी सर्रास आढळते कीं, उन्हाळ्याच्या सुटींत तेथील एखाद्या हमरस्त्याच्या कडेला घटकाभर उभें राहिलें, तर अशीं कितीतरी घरें एकामागून एक जातांना दिसावींत. तिकडे त्याला 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. आपण नुसतें ट्रेलर म्हणूं. निजण्याच्या जागा, चूल, मोरी, शौचकूप, पाण्याच्या टांक्या, दिवे, हें सारें वीस-पंचवीस फूट लांबीच्या एका पेटींत बसविलेलें असतें. ज्यांचीं मुलेंबाळें तिकडे स्थायिक झालीं आहेत, अशा पुष्कळ श्रोत्यांनीं तें पाहिलेंहि असेल. मी ओहायो राज्यांत राहतों आणि गेलीं नऊ वर्षें अशा एका जुन्या ट्रेलरचा धनी आहें. त्यांतून हिंडण्याची मौज वर्णन करणारे आपणांस पुष्कळ भेटतील. तें घर राखावें कसें आणि सुधारावें कसें, एवढ्यापुरतेंच मी आज बोलणार आहें.

या घराची कल्पना तशी जुनी आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका स्कॉटिश डॉक्टरानें १८८५ सालीं इंग्लंडांत 'वाँडरर' नांवाची गाडी बांधवून घेतली. ती दोन घोडे ओढीत. केवळ हौसेच्या प्रवासासाठीं मुद्दाम बांधलेलें पहिलें चाकांवरचें घर, असा तिचा उल्लेख केला जातो. पुढें मोटारी आल्या, आणि १९३६ सालीं अमेरिकेंत वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीनें रिव्हेट मारलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा 'क्लिपर' हा ट्रेलर बाजारांत आणला. त्याची घडण विमानाच्या धडासारखी होती. घोडे गेले, लांकडाच्या जागीं पत्रा आला, परंतु या घराच्या पोटांतला विरोध कायम राहिला. घर म्हटलें कीं तें स्थिर असावें, आणि वाहन म्हटलें कीं तें हलावें. ट्रेलरला एकाच वेळीं दोन्ही व्हावें लागतें. ताशीं साठ मैलांनीं तो धांवूं लागला म्हणजे त्याच्या भिंती, छप्पर, नळ आणि तारा एकसारख्या हादरत राहतात. पायावर उभ्या असलेल्या घरास जो भूकंप जन्मांत एखाद्या वेळीं सोसावा लागतो, तो या घरास दर सुटींत सोसावा लागतो. म्हणून धन्यानें एक क्रम मनाशीं पक्का बांधावा: आधीं डागडुजी, मागून सजावट. हा क्रम उलटला कीं पैसा जातो, आणि प्रसंगीं त्याहूनहि अधिक कांहीं जातें.

या घराचा पहिला शत्रु पाणी. आपल्या कोंकणांत मृग लागण्यापूर्वीं घर शाकारतात. कौलें चाळून फुटकीं तेवढीं बदलतात. त्याची कोणी फुशारकी मारीत नाहीं, पण तें काम कोणी चुकवीतहि नाहीं. ट्रेलरलाहि अशी शाकारणी वर्षांतून निदान दोनदां लागते. त्याचें छप्पर रबराच्या अखंड थानाचें असो कीं पत्र्याचें असो, तें सहसा मधोमध गळत नाहीं. झरोका, धुराची नळी, दिव्याची तार यांकरितां जेथें जेथें त्याला भोंक पाडलेलें असतें, तेथें तेथें तें गळतें. अशा प्रत्येक भोंकाच्या कडेला लुकण भरलेलें असतें. उन्हानें तें सुकतें, हादऱ्यानें त्याला केंसासारखी चीर पडते, आणि त्या चिरेंतून पाणी आंत शिरतें. चीर दिसतांच जुनें सैल लुकण खरवडून, जागा स्वच्छ पुसून, छपराच्या जातीला मानवणारें लवचिक लुकण भरावें. दुकानांत सहज मिळतें म्हणून सिलिकोन मात्र लावूं नये. त्यावर पुढें दुसरें लुकण चिकटत नाहीं, आणि पुढच्या वर्षींची दुरुस्ती दुप्पट अवघड होऊन बसते.

पाण्याची आणखी एक खोड आहे. तें शिरतें एकीकडे आणि दिसतें दुसरीकडे. भिंतीच्या पोटांतून उतरत उतरत तें तळच्या प्लायवूडमध्यें मुरतें. भिंतीवर डाग उमटेपर्यंत फळी बहुधा कुजूं लागलेली असते. म्हणून डागाची वाट न पाहतां कोपऱ्यांतून, कपाटांच्या तळांतून आणि दाराच्या उंबऱ्यापाशीं टोच्यानें टोंचून पाहावें. निरोगी लांकूड टोंक आंत घेत नाहीं.

आम्हीं ट्रेलर घेण्यापूर्वीं पुष्कळ पाहिले. त्यांत एक फारच देखणा होता. भिंतींना ताजा रंग, नवे पडदे, जमिनीवर लांकडासारखी दिसणारी नवी तक्तपोशी. विकणारे गृहस्थ सभ्य होते, आणि मला वाटतें, प्रामाणिकहि होते. त्यांनींहि तो तसाच सजविलेला विकत घेतला होता. माझ्या पत्नीनें मागल्या कोपऱ्यांतलें कपाट उघडलें, वांकून आंत हात फिरविला आणि मला म्हणाली, "इथं जरा दाबून पाहा बरं." अंगठ्यानें दाबतांच फळी भिजलेल्या पावासारखी आंत गेली. वरची तक्तपोशी एका वर्षाची होती. खालचें कुजणें कित्येक वर्षांचें होतें. आम्हीं त्या गृहस्थांना तें दाखविलें आणि निरोप घेतला. परततांना बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती म्हणाली, "पडदे मात्र चांगले होते."

दुसरी काळजी चाकांची आणि वजनाची. येथें आपल्या बैलगाडीवाल्याचें ज्ञान उपयोगी पडतें. गाडी भरतांना ओझें मागें फार झालें तर गाडी उलाळ होते, आणि पुढें फार झालें तर धुरजड होते, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. ट्रेलरचेंहि अगदीं तसेंच आहे. त्याच्या एकंदर वजनाचा सुमारें दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या मोटारीवर, पडला पाहिजे. तो याहून कमी पडला, तर वेग वाढतांच ट्रेलरची शेपटी डावीउजवीकडे झोके घेऊं लागते, आणि ते झोके वाढत गेले म्हणजे पुढची मोटारहि चालकाच्या ताब्यांत राहत नाहीं. उलाळ बैलगाडी फार तर शेतांत कलंडेल. येथें मात्र त्याच रस्त्यावर शेजारून आणि मागून दुसऱ्यांचीं मुलेंमाणसें जात असतात, ही गोष्ट धन्यानें क्षणभरहि विसरूं नये.

टायरांच्या बाबतींतहि डोळे फसवितात. मोटारीचा टायर झिजून बाद होतो. ट्रेलरचा बहुधा उभ्या जागीं, उन्हानें आणि वयानें बाद होतो. त्यावरची नक्षी नव्यासारखी दिसत असते, आणि आंतील रबर निर्जीव झालेलें असतें. प्रत्येक टायराच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ असें असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. पांच-सहा वर्षें झालीं कीं नक्षीकडे न पाहतां टायर बदलणें हेंच शहाणपणाचें. चाकाच्या बेअरिंगांना वर्षांतून एकदां किंवा सुमारें बारा हजार मैलांनंतर, जें आधीं येईल तेव्हां, नवें वंगण भरावें. चाक काढून पुन्हां बसविलें असेल, तर पहिल्या पन्नास मैलांच्या आंत थांबून त्याचे नट पुन्हां आंवळावे.

आतां सुधारणेकडे वळूं. सुधारणा म्हटली कीं बहुतेकांना भर घालणें सुचतें. मऊ गाद्या, दगडी ओटा, मोठा शीतकपाट, छपरावर सौर पट्ट्या. परंतु ट्रेलरच्या प्रत्येक धन्याजवळ वजनाची एक ठराविक शिल्लक असते, आणि प्रत्येक हौस त्या शिलकेंतूनच भागवावी लागते. समजा, कारखान्यानें ठरविलेली वजनाची कमाल मर्यादा ७,००० पौंड आहे आणि रिकामा ट्रेलर ५,६०० पौंड भरतो. शिल्लक राहिली १,४०० पौंडांची. चाळीस गॅलनांची टांकी पाण्यानें भरली कीं ३३० पौंडांहून अधिक तेथेंच खर्च झाले. उरलेल्यांत भांडीं, कपडे, धान्य, हत्यारें आणि नव्या हौशी बसवावयाच्या. कागदावरच्या बेरजेवर विसंबूं नये. तिकडे हमरस्त्यांवर मालमोटारींसाठीं वजनकांटे असतात. तेथें थोडे पैसे भरून भरलेला ट्रेलर वर्षांतून एकदां तोलून घ्यावा. आमच्या घरांत हा कांटा पंचाचें काम करतो. मला पोलादी पाट्याचा ओटा हवा होता, आणि पत्नीला पुस्तकांची फळी. आम्ही कांट्यावर जाऊन आलों, आणि दोन्ही बेत रद्द झाले. पुस्तकें आतां दर प्रवासास चारच येतात.

दुसरी गोष्ट ही कीं, एक सुधारणा सहसा एकटी येत नाहीं. शीतकपाटाचेंच उदाहरण घ्या. जुन्या ट्रेलरांतून गॅसच्या ज्योतीवर चालणारें शीतकपाट असतें. ज्योतीच्या उष्णतेनें अमोनिया फिरता ठेवून थंडावा उत्पन्न करणारी ही रचना बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं शोधून काढली. तिच्यांत हलणारा भाग मुळींच नसतो. मात्र तें कपाट समपातळींत उभें असावें लागतें. ही अडचण नको म्हणून त्याच्या जागीं विजेचें कपाट बसविलें, तर बॅटरी पुरत नाहीं. जुनी शिशाची बॅटरी सुमारें साठ पौंडांची असते, आणि तिच्यांतली अर्धीच वीज निर्धास्तपणें वापरतां येते. म्हणून लिथियमची आणावी. ती त्याच्या निम्म्या वजनांत जवळजवळ सगळी वीज देते. पण ती गोठणबिंदूच्या खालीं भरूं नये, आणि तिला जुना चार्जर पुष्कळदां पुरा पडत नाहीं. पुढें तारांचा प्रश्न येतो. बारा व्होल्टांच्या बॅटरीवरून बाराशे वॉटांचें उपकरण चालवावयाचें, तर तारेंतून शंभर अँपियरांचा प्रवाह जातो. एवढ्या प्रवाहाला बारीक तार दिली तर ती तापते, आणि भिंतीच्या पोटांत तापलेली तार म्हणजे आग. म्हणून जाड तार घ्यावी आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज बसवावा. सांखळीचें शेवटचें कडें कोणतें, हें कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पहिल्या कड्याला हात लावूं नये.

सुधारणा कशाला म्हणावें, याचा एक चांगला नमुना १९६९ सालचा आहे. चंद्रावरून परतलेल्या तीन अंतराळवीरांना जहाजावर ज्या बंदिस्त खोलींत वेगळें ठेवलें होतें, ती एअरस्ट्रीमच्या ट्रेलरवरूनच तयार केलेली होती. तिचीं चाकें काढून टाकलीं होतीं, आणि आंतली हवा बाहेर निसटूं नये म्हणून आंतील दाब बाहेरच्यापेक्षां कमी ठेवला होता. तेथें शोभेसाठीं कांहीं केलेलें नव्हतें. हेतु काय, हें आधीं ठरलें, आणि मग जें हवें तें घातलें, नको तें काढलें. काढून टाकणें हीहि एक सुधारणाच असते.

दोन गोष्टी मात्र हौशीच्या यादींत कधींच जाऊं नयेत. पहिली गॅसची. चुलीचा प्रोपेन वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला तर जमिनीलगत सांचतो. म्हणून त्याची सूचना देणारें यंत्र खालीं बसवितात. सांधे साबणाच्या फेसानें तपासावे, काडी ओढून कधींहि नव्हे. अर्धवट ज्वलनानें उत्पन्न होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर रंगहि नसतो आणि वासहि नसतो. निजलेला माणूस जागा होत नाहीं. त्याचें सूचकयंत्र प्रत्येक ट्रेलरमध्यें असावेंच, आणि पाठीवर छापलेली त्याची मुदत संपली कीं तें चालूं दिसत असलें तरी बदलावें.

दुसरी गोष्ट थंडीची. पाणी गोठलें कीं सुमारें नऊ टक्के फुगतें, आणि नळ व टांक्या तडकवितें. ओहायोच्या थंडींत हें एका रात्रींत घडतें. म्हणून हिंवाळ्यापूर्वीं सर्व पाणी काढून, नळांतून हवेचा झोत सोडून, प्रोपिलीन ग्लायकोलचें गुलाबी द्रावण भरावें. मोटारीच्या रेडिएटरचें द्रावण त्या जागीं वापरूं नये; तें विषारी असतें.

आम्हीं अखेर जो ट्रेलर घेतला, तो दिसण्यांत अगदीं साधा होता. परंतु त्याच्याबरोबर पूर्वींच्या धन्याची एक वही मिळाली. कोणत्या वर्षीं कोणता सांधा भरला, टायर केव्हां बदलले, वजन किती भरलें, हें सारें तींत तारीखवार होतें. एके ठिकाणीं 'उजव्या खिडकीखालीं ओल. कारण सांपडलें नाहीं,' अशीहि नोंद होती. विकावयाच्या वस्तूच्या वहींत अशी ओळ पुसून टाकणें सोपें होतें. ती पुसली नाहीं, म्हणून बाकीच्या ओळींवर आमचा विश्वास बसला. तें कारण आम्हांला तिसऱ्या वर्षीं सांपडलें: खिडकीच्या वरच्या दिव्यामागें एक चीर होती. ती आम्हीं भरली आणि त्याच नोंदीखालीं तारीख घालून तसें लिहिलें. ज्यांना कोणाला असें घर घ्यावयाचें असेल, त्यांनीं रंगाआधीं वही मागावी. आणि वही नसेल, तर पहिल्या दिवशीं दोन आण्यांच्या काटकसरीनें का होईना, पण एक कोरी वही आणून तिच्या पहिल्या पानावर छपराची हकीकत लिहावी.