तंतुवाद्यांमागील हात



पूर्वी आपण ध्वनिफितीवर गाणी जमवीत असू, तसा अंतर्मुख करणाऱ्या गीतांचा एक तासाचा संच सिद्ध करण्याचे काम सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने आमच्याकडे सोपविले. तासाभरात जेमतेम १६-१७ गाणी मावतात. तेव्हा कसोटी लावणे आलेच. शब्द, चाल व कंठ या कसोट्या सर्वपरिचित आहेत. आम्ही चौथी लावली: गळा थांबल्यावर व्हायोलिने काय बोलतात?

‘कागज के फूल’ (१९५९) मध्ये गीता दत्त हलक्या स्वरात गातात. न उच्चारलेली व्यथा तंतुवाद्ये वाहून नेतात. ‘संगम’ (१९६४) मधील मुकेश यांच्या गीतात पियानोच्या जोडीने व्हायोलिनांची लाट उसळते.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील हा वाद्यमेळ घडविण्यात गोमंतकीयांचा वाटा फार मोठा. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईस आले. शंकर-जयकिशन यांचे वाद्यसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस हे नाव अनेकांना ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील विनोदी गाण्यामुळेच ठाऊक. वस्तुतः ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ध्वनिमुद्रिकांवर अशा संयोजकांची नावे क्वचितच छापली गेली.

ही मंडळीही पोटापाण्यासाठी घर सोडून आलेली. परप्रांती नांदणाऱ्या आपणांस त्यांचा सूर जवळचा वाटावा, यात नवल नाही. टिपण एकाचे आणि स्वाक्षरी दुसऱ्याची, ही कचेरीतील रीत आम्ही जन्मभर पाहिली. निदान आपल्या संचाच्या छापील यादीत, गायकांच्या नावांखाली, ज्ञात असलेल्या संयोजकांची नावेही असावीत, एवढीच मंडळास विनंती.