माहेर सुटले, रॅकेट सुटली नाही



पालकसभेत एक वाक्य मला दरवर्षी ऐकावयास मिळते. "सर, मुलगी उद्या परक्या घरी जायची. तिला शिकवून, खेळवून आपला काय फायदा?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून आज मी आपणांस मिया ऑडिना या बॅडमिंटनपटूची हकीकत सांगणार आहे.

मियाचा जन्म १९७९ साली इंडोनेशियातील जाकार्ता येथे झाला. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच त्या देशात बॅडमिंटनचे. १९९४ साली जाकार्तामध्येच उबेर चषकाचा, म्हणजे महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा, अंतिम सामना इंडोनेशिया आणि चीन यांच्यात झाला. दोन्ही संघांनी दोन-दोन लढती जिंकल्या. आता सारी भिस्त शेवटच्या लढतीवर! त्या लढतीस उतरली अवघी चौदा वर्षांची मिया. समोर होती वयाने चार वर्षांनी मोठी असलेली झांग निंग. मियाने तिला हरविले आणि १९७५ नंतर प्रथमच तो चषक इंडोनेशियाकडे परत आला. दोन वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, तिने रौप्यपदक मिळविले. तेव्हा तिला सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

१९९९ साली तिचा विवाह झाला आणि ती पतीच्या देशी, नेदरलँड्सला, गेली. भाषा निराळी, हवा थंड आणि लोकांना वेड फुटबॉलचे. आपल्याकडे अशा वेळी काय होते? पदके कपाटात जातात आणि मुलगी स्वयंपाकघरात. मियाने मात्र रॅकेट खाली ठेवली नाही. ती आपल्या नव्या देशाकडून खेळू लागली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पदक मिळाले नाही, तरी तिने सराव सोडला नाही. २००४ साली ती युरोपची विजेती झाली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पोहोचली.

तेथे तिच्यासमोर कोण उभे असावे? तीच झांग निंग! पहिला गेम मियाने ११-८ असा जिंकला. पुढचे दोन झांगने ११-६, ११-७ असे घेतले. मियाला पुन्हा रौप्यपदक मिळाले, पण या वेळी दुसऱ्या देशासाठी. २००६ साली नेदरलँड्सचा महिला संघ उबेर चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, त्या संघातही ती होती. त्याच वर्षी तिने निवृत्ती स्वीकारली.

विद्यार्थी मित्रहो, या गोष्टीतील झांग निंगलाही विसरू नका. चौदा वर्षांच्या मुलीकडून भरल्या मैदानात हरलेली ही खेळाडू दहा वर्षे खपली, एकोणतिसाव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली आणि २००८ साली बीजिंगला पुन्हा जिंकली. एका परीक्षेत नापास झालेल्यांनी हे ध्यानी ठेवावे.

पालकहो, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मियाला घडविले इंडोनेशियाने आणि पुढची पदके गेली नेदरलँड्सला. इंडोनेशियाचे नुकसान झाले, हे मी नाकारीत नाही. पण म्हणून त्या देशाने तिला शिकवावयास नको होते काय? मग १९९४ चा चषक कोणी आणला असता?

मुलीला दिलेले दागिने मोडता येतात, भांडी झिजतात. हातात आलेली विद्या मात्र ती जाईल तेथे तिच्याबरोबर जाते, आणि परक्या गावात तिला स्वतःच्या नावाने उभे करते. दहावीनंतर घरी बसविलेली एक हुशार विद्यार्थिनी मला मागे बाजारात भेटली. "सर, माझी वही अजून जपून ठेवली आहे," एवढेच ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

मुलगी कोणाच्या घरी जाणार, याची काळजी आपण जरूर करा. पण ती जाताना बरोबर काय घेऊन जाणार, याचाही विचार करा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.