विठाबाईची नाळ आणि आपल्या टाळ्या

(बेलपाडा इथं तरुण मित्रांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी गोदीत काम करतो. न्हावा-शेव्याला जहाज लागलं की कंटेनरवर लोखंडी गज चढवायचे, आवळायचे, उतरवायचे. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो म्हणून तुम्ही बोलावलंत. पण आज कविता वाचणार नाही. एका नटीबद्दल बोलणार आहे. आपल्या नटीबद्दल.

मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात निवेदकानं विठाबाई नारायणगावकरची गोष्ट सांगितली. तुम्हाला ठाऊक आहे ती. दिवस भरलेले, खेळ चालू, स्टेजवर कळा सुरू झाल्या. विठाबाई आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचून तोडली, आणि पुन्हा पायात चाळ बांधून पब्लिकसमोर उभी राहिली. निवेदक म्हणाला, याला म्हणतात कलेची भक्ती. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन आज्जीला सांगितलं. तिला वाटेल कौतुक. ती म्हणाली, "टाळ्या कशाला रं वाजवल्या? तिची शेक-शेगडी कुणी केली?"

मी गप्प. मग आज्जी बोलत राहिली रात्रभर, आणि त्या रात्री मला पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं की माझी आज्जी लग्नाआधी चार वर्षं तमाशाच्या फडात होती. घरात कुणी उच्चारलं नव्हतं. बापानंसुद्धा नाही. आम्ही बुद्धविहारात जाणारी, पांढरी साडी नेसणारी माणसं. तमाशाचं नाव निघालं की आमची मान खाली.

म्हणून म्हणतो, जरा हिशेब करू.

विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली. आजा नारायण खुडे फडाचा मूळ माणूस. बाप भाऊ, चुलता बापू. फडाचं नाव भाऊ-बापू मांग नारायणगावकर. बघा, जात बोर्डावर. नाटकवाल्यांना गंधर्व म्हणायचे, आणि आमच्या माणसाच्या नावापुढं मांग. पण तिनं ते पुसलं नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, हेच नाव घेऊन ती राष्ट्रपतींसमोर गेली. १९५७ साली सन्मान, १९९० साली पुन्हा सन्मान.

आता तिचं काम काय होतं ते बघा. तमाशा म्हणजे नुसती लावणी नव्हे. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी, आणि रात्र चढली की वग. एकच बाई गवळणीत राधा होते, मावशीच्या चावट बोलण्याला ठेक्यात उत्तर देते. रंगबाजीत ढोलकीशी झुंजते. मग वगात राणी होते, नाहीतर सासरी गांजलेली बाई होऊन पब्लिकला रडवते. गाणं, नाच, अभिनय, हजरजबाबी सगळं एकाच देहात. मागं झीलकरी सूर धरतात, समोर मैदानात हजारो माणसं. उजाडेपर्यंत. दुसऱ्या रात्री दुसरं गाव. मी बारा तासांची पाळी करतो, मला या कामाचं वजन कळतं.

आणि पांढरपेशा इतिहास काय सांगतो? मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणजे बालगंधर्व. १९११चं मानापमान, १९१६चं स्वयंवर. गळा मोठा होता, नाकारत नाही. पण शालू नेसून भामिनी आणि रुक्मिणी कोण झालं? पुरुष. कारण घरंदाज बाईनं तोंड रंगवणं म्हणजे पाप. त्याच काळात पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई उभी होती. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची, महाराची लेक. तिला बघायला मुंबई लोटायची. पुरुषानं लुगडं नेसलं की कला, आणि आमच्या बाईनं स्वतःचं लुगडं नेसून गायलं की चाळे! स्वातंत्र्य आल्यावर मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली, मग सुधारणेसाठी समिती नेमली. त्या लावण्यांवर शिट्ट्या मारणाऱ्यांना सुधारायला समिती कुणी नेमली नाही.

आता त्या नाळेकडं येतो.

आमच्या गोदीत माझ्या एका जोडीदाराचं बोट गज आणि कंटेनरच्या मध्ये चेचलं. फडकं बांधून गड्यानं पाळी पुरी केली. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, याला म्हणतात मर्द. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर दिवसाचा खाडा लागला. औषधाचे पैसे नाहीत. त्याला मर्द म्हणणं फुकट पडलं, नुकसानभरपाई महाग पडली असती.

विठाबाईचंही तेच. आज्जीनं मला फडाचं गणित सांगितलं. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात. जत्रा-कमिट्यांची माणसं येऊन सुपारी देतात. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यायची, ती फडमालक व्याजानं काढतो. खेळ मोडला की पब्लिक पैसे परत मागतं, कधी दगड मारतं. अशा धंद्यात पोटुशी बाई घरी बसेल कशी? बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. ती रजा नोकरीवालीला. फडातल्या बाईला हजेरीपुस्तक कुठलं?

तिची कलेवर भक्ती नव्हती असं मी म्हणत नाही. असणारच. पण भक्तीच्या नावाखाली तिची मजुरी लपवू नका. २००२ साली ती गेली. शेवटच्या दुखण्यात दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीनं भागवावं लागलं. २००६ सालापासून तिच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. मेल्यावर गौरव, जगताना वर्गणी.

हे झालं त्यांचं. आता आपलं. इथं मला शिव्या घाला, पण ऐका.

पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे पैसे चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत आपण अभिमानानं सांगतो. आमच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, हा त्यातला अर्थ. मला तो शंभर टक्के पटतो. जातीनं लादलेलं काम सोडलंच पाहिजे. पण आपण काय केलं? पैसा नाकारता नाकारता बाईच नाकारली. तमाशा सोडला, आणि त्यात राबलेल्या आज्ज्या, आत्या, मावश्या तिथंच सोडल्या. वर विठाबाई मांगाची, म्हणून आपल्यातल्या काहींनी तिला आपली म्हणायलाही वेळ लावला. उतरंड आपल्या घरातही आहे, दोस्तांनो. तिथं बोट लागलं की आपल्यालाही दुखतं.

म्हाताऱ्या कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे. त्याला कला केल्याचा पुरावा लागतो. आज्जीकडं फोटो होता एक. लग्नानंतर तिनंच चुलीत घातला. आता पुरावा म्हणजे घोट्यांवरचे चाळाचे घट्टे. ते कुठल्या कागदाला जोडायचे?

म्हणून माझं मागणं साधं आहे. बेलपाड्यात आता मेट्रो आली आहे, पण इथं उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मागं एक गाव आहे. या सुट्टीत गावी जा. घरातली, गल्लीतली जी म्हातारी फडात होती, तिच्यापुढं बसा. फडाचं नाव, मालकाचं नाव, साल, कुठली भूमिका, किती उचल, सगळं वहीत लिहा. साक्षीला ढोलकीवाला जिवंत असेल तर त्याचा अंगठा घ्या. लाजू नका. आपण लाजलो तर ती बोलणार नाही. त्या वह्या घेऊन आपण कचेरीत जाऊ.

माझ्या आज्जीची वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिनं सांगितलेलं लिहिलं: गवळणीत मागची गौळण, वगात राणीची दासी, पगार महिन्याला ठरलेला, हातात कधी पुरा आला नाही.

तिनं विचारलं, हे कोण वाचणार?

मी म्हटलं, आम्ही.

जय भीम.