ग्रंथांवरील कुलपे कोणाच्या हिताची?

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



प्रताधिकाराचा कायदा हा वकिलांचा आणि प्रकाशकांचा विषय आहे, अशी समजूत करून घेऊन आपण वाचक त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ही समजूत सोडावी, अशी विनंती करण्यासाठी मी आज उभा आहे. आपल्या ग्रंथालयातील मागच्या ओळीतली कपाटे उघडून पाहा. १९३० ते १९८० या काळात छापलेली शेकडो मराठी पुस्तके तिथे आहेत. कागद पिवळा पडलेला, कडा तुटलेल्या, शिवण सुटलेली. त्यातील बहुसंख्य पुस्तकांची दुसरी आवृत्ती निघाली नाही व निघण्याचा संभवही नाही. त्यांचे प्रकाशक केव्हाच व्यवसायातून गेले. बाजारात ती मिळत नाहीत, नवी कोणी छापत नाही आणि संगणकावर उतरवून वाचकांना खुली करावीत तर कायदा आड येतो. वाळवी आणि कायदा या दोहोंच्या कचाट्यात मराठीचे एक अर्धशतक सापडले आहे. ही अवस्था कोणाच्या हितासाठी, हा माझा आजचा प्रश्न आहे.

प्रताधिकार हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क म्हणून अवतरलेला नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१० मध्ये केलेला कायदा हा या विषयातील पहिला कायदा मानला जातो. नव्या पुस्तकाला त्याने चौदा वर्षांचे संरक्षण दिले. ती मुदत संपताना लेखक जिवंत असेल तर आणखी चौदा. हा एक सौदा होता. समाजाने लेखकाला काही काळ मक्तेदारी द्यायची आणि त्या बदल्यात समाजाला अधिक ग्रंथ मिळायचे. पुढे १८४१ मध्ये ही मुदत वाढविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करायला उभा राहिला मेकॉले. आपल्या शिक्षणपद्धतीच्या संदर्भात त्याचे नाव आपण कडवटपणे घेतो. परंतु या प्रश्नावर त्याचा विचार स्वच्छ होता. लेखकाला मोबदला मिळावा म्हणून आपण वाचकावर एक कर बसवीत आहोत. मक्तेदारी ही वाईटच गोष्ट आहे, ती चांगल्या हेतूसाठी सोसावी, मात्र त्या हेतूला लागते त्याहून एक दिवसही अधिक सोसू नये, असे त्याच्या म्हणण्याचे सार होते.

आपल्या देशाने काय केले? १९१४ चा कायदा ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर होता. स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कायदा आला. त्यातही लेखकाच्या हयातीनंतर पन्नास वर्षे ही मुदत कायम राहिली. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार, तोच सरकारने घाईघाईने वटहुकूम काढला आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासची साठ वर्षे केली. एका थोर कवीच्या नावाने केलेली ही वाढ देशातील प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक लेखकाला लागू झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. जुन्या मुदतीने त्यांची पुस्तके १ जानेवारी २००१ रोजी सर्वांची झाली असती. ती झाली १ जानेवारी २०११ रोजी. आज ती अनेक प्रकाशक छापतात, संगणकावरही ती मुक्तपणे वाचता येतात. त्यामुळे गुरुजींचा मान उणावला, असे कोणी म्हणेल काय? अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले. ज्यांनी शोषितांसाठी लिहिले, त्या अण्णाभाऊंचे साहित्य २०२० साली मुक्त व्हायचे, ते आता २०३० च्या १ जानेवारीची वाट पाहत आहे.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, तेव्हा या दहा वर्षांचा हिशेब मांडून पाहणे मला भाग आहे. एका लेखकाने चाळिसाव्या वर्षी पुस्तक लिहिले आणि सत्तराव्या वर्षी तो वारला, असे धरू. पन्नास वर्षांच्या मुदतीने त्याच्या पुस्तकाचा प्रताधिकार ते लिहिल्यापासून ऐंशी वर्षांनी संपला असता. वाढीव दहा वर्षांचे उत्पन्न त्याच्याही पुढचे. आता ऐंशी वर्षांनी हाती येणाऱ्या शंभर रुपयांचे, दरसाल दर शेकडा ७ या व्याजदराने, आजचे मूल्य किती? सुमारे ४५ पैसे. या ४५ पैशांच्या आशेने कोणता लेखक लेखणी उचलील? शिवाय ही वाढ आधीच लिहून झालेल्या पुस्तकांना, आधीच दिवंगत झालेल्या लेखकांनाही लागू होती. मृत माणसाला लिहिण्याचे प्रोत्साहन देण्याची किमया कोणत्याच अर्थशास्त्राला ठाऊक नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये अशीच वीस वर्षांची वाढ केली आणि ते प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सतरा अर्थशास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे निवेदन ठेवून हेच दाखवून दिले. त्यांत केनेथ ॲरो होते आणि खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमनही होते. एरवी ज्यांचे कशावरही एकमत होणे कठीण, ते या प्रश्नावर एकत्र आले. न्यायालयाने २००३ मध्ये ती वाढ उचलून धरली, हा भाग निराळा.

आता संगणकयुगाकडे येऊ. छापील पुस्तकाची एक अधिक प्रत काढायची तर कागद, शाई, बांधणी, वाहतूक असा खर्च येतो. संगणकावरील प्रतीचा हा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आहे. एकाने वाचले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. टंचाई संपविण्याचे असे साधन हाती आल्यावर कायद्याने ते वाचकाच्या सेवेला जुंपायला हवे होते. २०१२ च्या दुरुस्तीने काही चांगल्या गोष्टी जरूर केल्या. अंध व अपंग वाचकांसाठी सुगम स्वरूपातील प्रती काढण्याची मुभा दिली. चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. पण त्याच दुरुस्तीने कलम ६५ अ आणले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने कोणी तांत्रिक कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

या कुलपांच्या आडून एक मोठे स्थित्यंतर झाले आहे. छापील पुस्तक आपण विकत घेतो, तेव्हा ती प्रत आपली होते. ती मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, ग्रंथालयाला भेट देता येते. सगळी ग्रंथालय चळवळ या साध्या मालकीवर उभी आहे. संगणकीय पुस्तक मात्र आपण ‘विकत’ घेत नाही; आपल्याला मिळतो तो केवळ परवाना, तोही विक्रेत्याच्या अटींवर. २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑरवेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. त्यांतले एक पुस्तक ‘१९८४’ होते. हुकूमशाहीविषयीचे पुस्तक वाचकाच्या घरातून त्याला न विचारता नाहीसे व्हावे, याहून बोलका दाखला शोधून सापडणार नाही. मालकाचा कुळ झाला की काय होते, हे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वाचकाला मात्र ते अजून उमगलेले नाही.

आपल्या कायद्यात ग्रंथालयांसाठी काहीच नाही, असे नाही. कलम ५२ मध्ये दोन तरतुदी आहेत. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या उपयोगासाठी, जास्तीत जास्त तीन प्रती बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला काढता येतात. तसेच मूळ छापील प्रत संग्रही असेल तर जतनासाठी ती संगणकीय स्वरूपात साठविता येते. म्हणजे पुस्तक वाचविण्याची परवानगी आहे. पण वाचविलेले पुस्तक दूरच्या गावातील सभासदाला संगणकावर वाचायला देण्याची स्पष्ट परवानगी नाही. तिजोरीत ठेवा, बाहेर काढू नका, असा हा न्याय आहे. लेखक दिवंगत वा अज्ञात असेल, किंवा त्याचा ठावठिकाणा लागत नसेल, तर कलम ३१ अ खाली सक्तीचा परवाना मागता येतो. परंतु त्यासाठी जाहिरात द्यायची, अर्ज करायचा. आणि २०२१ मध्ये अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून उच्च न्यायालयाची पायरी चढायची. तालुक्याच्या ग्रंथपालाने एकेका जुन्या कादंबरीसाठी हे करावे, ही अपेक्षा चेष्टेच्या जवळ जाते.

येथे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की मग लेखकाने जगायचे कसे? मराठी लेखकाला मुळात मिळते किती, आणि तेही तुम्ही काढून घेणार काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. नुकतेच निघालेले पुस्तक कोणी छायाचित्रे घेऊन भ्रमणध्वनीवरून गावभर वाटतो, तेव्हा लेखकाची आणि छोट्या प्रकाशकाची ती उघड लूट असते. तिचे समर्थन करणे समाजवाद्याला शोभत नाही, कारण श्रमाचा मोबदला बुडविणे हे शोषणच आहे. पण जे पुस्तक बाजारात नाही, त्यावर लेखकाच्या वारसांना एक पैसाही मिळत नाही. शून्य विक्रीवरचे मानधन शून्यच असते. अशा पुस्तकावरील मक्तेदारी वाचकाकडून हिरावून घेते आणि लेखकाला काही देत नाही. म्हणून मोबदला आणि मक्तेदारी या दोन गोष्टींची गाठ आपण सोडविली पाहिजे. मोबदला राहू द्या, मक्तेदारी जाऊ द्या.

हे स्वप्नरंजन नव्हे. नॉर्वे हा सुमारे ५५ लाख वस्तीचा, छोट्या भाषेचा देश. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने लेखक-प्रकाशकांच्या सामूहिक संस्थेशी करार केला आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नॉर्वेत प्रसिद्ध झालेली पुस्तके नागरिकांना संगणकावर वाचायला खुली केली. प्रत्येक पानामागे ठरलेली रक्कम सरकार त्या संस्थेला देते. आपले पुस्तक यात नको असे ज्या लेखकाला वाटेल, त्याला ते काढून घेण्याची मुभा आहे. अशा पुस्तकांची संख्या अडीच लाखांच्या घरात गेली. युरोपीय संघानेही २०१९ च्या निर्देशात, बाजारातून गेलेल्या ग्रंथांसाठी सामूहिक परवान्याची वाट मोकळी केली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख होती. पंचावन्न लाखांना जे परवडते, ते सव्वाआठ कोटींना का परवडू नये?

आणि हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी लक्षावधी ग्रंथ केव्हाच गिळले आहेत. चोरट्या संग्रहांतून पुस्तके उतरवून घेतल्याच्या दाव्यात अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने २०२५ मध्ये लेखक-प्रकाशकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. ती सुमारे पाच लाख ग्रंथांपुरती होती, आणि ज्या ग्रंथांची अमेरिकेत नोंदणी झाली होती, त्यांनाच तिचा लाभ. ज्यांच्यामागे संघटना आणि वकील होते, त्यांना मोबदला मिळाला. मराठी लेखकामागे कोण आहे? बलाढ्य कंपनी आधी घेते आणि मागाहून किंमत चुकविते. आपला ग्रंथपाल मात्र एक जीर्ण पुस्तक वाचकाला दाखवायला बिचकतो. कायदा दुबळ्यालाच तेवढा बांधतो, हे जुने सत्य येथेही नव्याने प्रत्ययास येते.

तेव्हा आपल्या मागण्या मोजक्या पण स्पष्ट असाव्यात. साठ वर्षांची मुदत यापुढे एका दिवसानेही वाढता कामा नये. देशाने ज्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आहे, त्यास पन्नास वर्षे पुरतात, म्हणून ती मागे घेण्याचाही विचार व्हावा. बाजारात नसलेली पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांना सभासदांसाठी संगणकावर खुली करता यावीत आणि त्याचा मोबदला शासनाने लेखकांच्या सामूहिक संस्थेमार्फत द्यावा. छापील प्रत उसनी देण्याचा ग्रंथालयाचा अधिकार संगणकीय प्रतीलाही मिळावा, आणि परवान्याच्या कोणत्याही अटीने तो हिरावून घेता येऊ नये.

पण कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने वाढलेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. प्रत्येकाने आपल्या संग्रहातील जुन्या, न मिळणाऱ्या पुस्तकांची यादी करावी; लेखकाचे मृत्युवर्ष त्यापुढे लिहावे. जी पुस्तके मुक्त झाली आहेत, ती आजच संगणकावर आणावीत. जी झालेली नाहीत, त्यांच्या लेखकांकडे वा वारसांकडे आपण जावे. कलम २१ प्रमाणे लेखकाला नुसत्या जाहीर सूचनेने आपला हक्क सोडता येतो. वारसांना लेखी संमती देता येते. माझा अनुभव असा, की बहुतेक घरांतून नकार येत नाही. आजोबांचे पुस्तक कोणी तरी वाचू इच्छितो, याचेच त्यांना अप्रूप वाटते. लेखकांनीही नवा करार करताना मुदत नीट पाहावी. करारात मुदत लिहिली नसेल, तर हस्तांतर पाचच वर्षांचे, असे आपला कायदा सांगतो. ही गोष्ट किती लेखकांना ठाऊक आहे?

ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे आपण व्यासपीठांवरून फार वेळा म्हटले. आता ते कपाटापाशी उभे राहून सिद्ध करायचे आहे. कपाटाची किल्ली ग्रंथपालाजवळ आहे, कायद्याची विधिमंडळे आणि संसद यांच्याजवळ. पहिली किल्ली आपण उद्या सकाळी फिरवू शकतो. ती फिरवून यादीला आरंभ केला, तर दुसरी मागायला आपल्या हाती पुरावा असेल.