घरांतील जुनें नाणें

देव्हाऱ्यांतील पिढीजाद चांदीचें नाणें पारखण्यापूर्वीं तें चिंचेनें उजळूं नये. प्राचीन रौप्यनाणीं बहुधा ठशानें ठोकून पाडलेलीं असत. म्हणून भिंगाखालीं कडेस सांध्याची रेघ वा पृष्ठावर बुडबुड्यांचीं छिद्रें दिसल्यास तें ओतीव, बनावट असल्याचा संशय घ्यावा. मग वजन व अक्षरें संग्रहालयांतील नमुन्यांशीं ताडावीं.

परंतु ओबडधोबडपणा म्हणजे खोटेपणा नव्हे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाचीं १३,००० हून अधिक नाणीं सांपडलीं. निम्म्याहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. नहपानाचा चेहरा बिघडला. पण जयापजयाची साक्ष तेथेंच उरली.

नाणें खोटें ठरलें तरी पूजेंत अंतर पडूं नये. खऱ्यावरील घासून गेलेलीं अक्षरें मात्र परत येत नाहींत.