श्वासाचे ओझे वाहणारे स्नायू
(पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



हात दुखले तर आपण काम थांबवतो, पाय थकले तर क्षणभर बसतो. श्वासाच्या स्नायूंना मात्र अशी रजा मिळत नाही. तेही थकतात, आणि त्यांचा थकवा वेळीच ओळखला तर घरातील एखाद्या मुलाचे वा वडीलधाऱ्या माणसाचे प्राण वाचू शकतात. म्हणून आज हा विषय निवडला आहे.

फुप्फुसे स्वतःहून हलत नाहीत. छाती व पोट यांच्यामध्ये घुमटासारखे पसरलेले श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्यांमधील स्नायू छाती रुंद करतात आणि हवा आत येते. श्वासपटलाला हुकूम देते ते मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र. तो हुकूम मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक नावाच्या मज्जातंतूंमार्फत खाली पोचतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 16 श्वास घेतो. दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते.

आता ओझे वाढले की काय होते, ते पाहा. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्या चढणाऱ्या बाईचा श्वास पहिल्या काही पावलांतच वाढतो. मज्जातंतूंतून संदेश अधिक वेगाने येऊ लागतात आणि तोवर स्वस्थ असलेले स्नायुतंतूही कामाला लागतात. सराव असलेला तरुण धावताना मिनिटाला 100 लिटरपर्यंत हवा घेऊ शकतो. हे ओझे निरोगी आहे. विश्रांती मिळताच ते उतरते आणि नियमित व्यायामाने शरीर ते अधिक सहजतेने पेलू लागते.

दम्याचे ओझे निराळे. श्वासनलिकेचा व्यास निम्मा झाला, तर हवेच्या संथ प्रवाहाला होणारा विरोध 16 पटींनी वाढतो. मेंदूचा हुकूम मोठा, पण आत येणारी हवा थोडी. ही तफावत मेंदूला जाणवते, तिलाच आपण धाप म्हणतो. मग मानेचे स्नायू मदतीला येतात, नाकपुड्या फुलतात, मुलाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो.

या मदतीलाही मर्यादा आहे. स्नायू किती जोराने आणि किती वेळ आवळला जातो, यावर त्याचा टिकाव अवलंबून असतो. ठरावीक सीमा ओलांडली की श्वासपटल थकतेच, हे बेलमार व ग्रासिनो या संशोधकांनी 1982 साली दाखवून दिले. येथेच घरच्यांची फसगत होते. रात्रभर घरघरणारे मूल पहाटे शांत झाले, गुंगीत गेले, की “आता आराम पडला” असे आपण समजतो. खरे तर स्नायू हरलेले असू शकतात. श्वास उथळ झाल्याने घरघरही ऐकू येत नाही. अशी शांतता सर्वांत धोक्याची.

कोविडच्या काळात आपल्या उपनगरांनी हे जवळून पाहिले. 2020 साली मालवणीच्या शाहनवाज शेख यांनी स्वतःची मोटार विकून गरजूंना ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवले. त्या ऑक्सिजनने अनेकांना आधार दिला. परंतु ऑक्सिजन रक्तातील उणीव भरून काढतो, स्नायूंचे काम तो करीत नाही. ते काम व्हेंटिलेटर करतो, म्हणून मरोळच्या सेव्हन हिल्ससारख्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांना त्यावर ठेवावे लागले. मात्र काम न उरल्याने श्वासपटल दुर्बल होते. त्यामुळे यंत्र काढताना रुग्णाला स्वतःच्या श्वासाची सवय हळूहळू लावावी लागते.

धोका ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1988 पासून गावच्या आरोग्यसेवकांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून उपचार करण्यास शिकवले आणि बालमृत्यू घटवून दाखवले. श्वास मोजणे हा त्या शिक्षणाचा पाया होता. अर्भकाच्या बरगड्या मऊ असतात आणि श्वासपटलात थकवा सोसणारे तंतू कमी असतात, म्हणून ते लवकर थकते.

मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखाली खळगा पडणे, ओठ निळसर होणे, दूध न ओढणे, मोठ्या माणसाला एक वाक्य पुरे न बोलता येणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.

विद्यार्थी मित्रहो, श्वास मोजण्याची ही रीत आज घरी आईला आणि आजीला शिकवा. शिक्षणाचा उपयोग घरापासूनच सुरू होतो.